दाराआडचा शेक

हंसाने तव्यावरची वाळू उलथन्याने फिरवली, चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिली आणि फडक्यात बांधली. तिचा नवरा दामू भिंतीला टेकून मान तिरपी करून बसला होता. त्याच्या डाव्या जबड्याखालची गाठ आता कानापर्यंत चढली होती. तिने वाळूची पुरचुंडी हलकेच गाठीवर टेकवली.

"अजून गरम कर," दामू म्हणाला. आवाज घशात अडकत यायचा. "हे कोमट हाय."

"कातडी सोलते हाय तुमची."

"सोलू दे."

दामूची आई, गोदूबाई, ओटीवर मासळीची टोपली भरत होती. तिथूनच ती म्हणाली, "तो सांगतो तसं कर ना, हंसा. शेक तो शेक. मुंबईचा काय नि सातपाटीचा काय!"

टोपली डोक्यावर चढवून ती बाजाराला निघून गेली.

मुंबईचा शेक वेगळा होता, हे हंसाला ठाऊक होतं. इस्पितळात तीच दामूबरोबर राहिली होती. तिथल्या डॉक्टरांनी तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं होतं: मानेच्या दोन्ही बाजूंना पत्रे लावून विजेने गाठ आतून तापवायची आणि ती गरम असतानाच तिच्यावर किरण सोडायचे. तापलेल्या गाठीवर किरण जास्त लागू पडतात, असा त्यांचा अंदाज होता. "नवीन आहे, खात्री देत नाही," ते म्हणाले होते. "पण मध्ये खंड पडू देऊ नका. खंड पडला तर केलेलं सगळं वाया."

दामूने काही दिवस ते सोसलं. मग एका सकाळी त्याचं नाव पुकारलं, तेव्हा बाकावर तो नव्हताच. हंसाने इस्पितळ पालथं घातलं, फाटकावरच्या माणसांना विचारलं. शेवटी रडवेली होऊन एकटी सातपाटीला परतली, तर हा किनाऱ्यावर आपल्या बोटीला टेकून बसलेला. का आलात, म्हणून तिने कितीदा विचारलं. उत्तर मिळालं नाही. वादळात बोट सुखरूप बंदरात आणणारा तांडेल म्हणून गाव त्याचं नाव घ्यायचं. अशा माणसाला घाबरलात का, असं कसं विचारायचं?

तेव्हापासून घरी वाळूचा शेक सुरू होता. गाठ मऊ होतेय, असं दामू म्हणायचा. हंसाच्या बोटांना ती रोज जास्त कडक लागायची.

आज तिने पुरचुंडी उचलून बाजूला ठेवली.

"मी नाय करत. ह्यानं काय होत नाय. तुमालाय ठाऊक हाय."

 दामू जमिनीकडे बघत बोलू लागला.

"शेकाचं काय नाय गं. शेक बरा वाटतो. पण मग त्या दुसऱ्या खोलीत नेतात. फळीवर निजवतात. कपाळावरून पट्टा, हनुवटीखालून पट्टा. हलू नको, गिळू नको. नि सगळी बाहेर जातात. येकूण येक माणूस. दार लावतात, हातभर जाड." त्याने वर पाहिलं. "चांगली गोष्ट असती तर ती माणसं पळाली असती का?"

 हंसा उठली, पडवीतली लांब फळी ओढून घरात आणली आणि तिच्यावर उताणी झाली.

"मला बांदा."

"याड लागलं काय तुला?"

"तसंच बांदा. बगते मी."

तो हसला. पण मग दोरी घेऊन आला. गाठी मारण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. दोरीखाली जुन्या लुगड्याची पट्टी घालून त्याने कपाळ बांधलं, हनुवटी बांधली, हातही बांधले. "गिळायचं नाय," तो म्हणाला आणि बाहेर गेला. दार लागलं. कडी पडली.

पहिल्याच क्षणी हंसाला आवंढा गिळावासा वाटला. मग नाक खाजू लागलं. घर आपलं, वर कौलं आपली, दाराबाहेर आपला नवरा, असं ती स्वतःला सांगत राहिली. तोंडात लाळ साचली. बाहेरून काहीच ऐकू येईना. तो उठून गेला असेल का? गेला असेल, विसरला असेल. तिने मान वळवायचा प्रयत्न केला, तशी दोरी कपाळात रुतली. बाहेर कुणीतरी तिचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. ती ओरडली, पण मिटलेल्या तोंडातून नुसतं घुमल्यासारखं झालं.

धाडकन दार उघडलं. दामू गुडघ्यांवर बसून गाठी सोडू लागला. त्या त्याच्याच होत्या, पण त्याच्या बोटांना सुटेनात. शेवटी त्याने सुरीने दोरी कापली.

"हाक मारली तर ओ का नाय दिलीस?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दोनदा मारली. दोनदा!"

हंसा उठून बसली. तिने पदराने तोंड पुसलं. बगा, मी राहिले, तसंच तुमी राहा, असं म्हणायचं तिने मघाशी ठरवलं होतं. आता ते शब्द तोंडातून निघेनात.

"नका जाऊ मुंबईला," ती म्हणाली. "मी परत नाय सांगणार."

दामू उंबऱ्यावर जाऊन बसला. बाहेर काठ्यांवर बोंबील सुकत होते. तो तिकडे बघत राहिला.

"मी आत असायचो, तवा तू काय करायचीस?"

"काय करणार? दाराकडं बगत बसायची."

 तो उठला, खुंटीवरचा सदरा काढला.

"पालघरची एसटी कवा हाय?"

मुंबईची आगगाडी पालघरलाच मिळायची. दुपारची एसटी अजून नाक्यावर उभी असणार, हे हंसाला माहीत होतं.

"गेली असंल," ती म्हणाली.

"गेली तर दुसरीची वाट बगू."

गाठीला टोचू नये म्हणून त्याने गळ्याची गुंडी उघडीच ठेवली. पायरी उतरला आणि अंगणात, तिच्याकडे पाठ करून, ती येईपर्यंत उभा राहिला.