नुसतं नाव घ्यायचं

बिनयामीन झिराडकर ऐन पावसाळ्यात गेला आणि प्रार्थनागृहाची किल्ली त्याच्या बायकोच्या, मोझेलच्या, पर्समध्ये येऊन पडली. तिला कुणी विचारलं नाही, तिनंही नको म्हटलं नाही. मिरजेच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिचा जन्म गेला होता. दुसऱ्यांची रडणी तिनं लय बघितली होती. स्वतःच्या वेळेला मात्र डोळे कोरडेच राहिले. सुतकाचे सात दिवस माणसं येऊन रडत होती, आणि ही आपली चहा सगळ्यांना पुरतो का ते बघत होती.

सांगलीत हळदीच्या पेठेत, रायगोंडा पाटलांच्या वखारीवरच्या माळ्यावर बेने इस्राएल लोकांचं हे प्रार्थनागृह. सांगली, मिरज, सातारा मिळून ज्यूंची घरं बोटांवर मोजण्याइतकी. बिनयामीन त्यांचा बिनपगारी सेक्रेटरी. शुक्रवारी सगळ्यांना फोन करायचे, काळ्या मनुका उकळून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत करायचं, कोण कुणावर रुसलंय त्याची समजूत काढायची, हे त्याचं काम. तोरा हा धर्मग्रंथ वाचायला आणि मेलेल्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा मोठे पुरुष लागतात. इथं बिनयामीनला सोडून सगळे मिळून दहाच भरायचे.

तिकडं गाझाची लढाई पेटली आणि इथं ह्या दहांची फाळणी झाली. एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या अब्राहमकाका किहीमकरांचा मुलगा इस्राएलात अश्दोदला, नातू तिथल्या फौजेत. काकांचं म्हणणं, फौजेसाठी दर शनिवारी मोठ्यानं प्रार्थना झालीच पाहिजे. साताऱ्याचे वरसुळकर सर, बिनयामीनचे शाळेपासूनचे दोस्त, आयुष्यभर मोर्चे काढलेला माणूस. ते म्हणाले, तिकडची मेलेली पोरं कुणाची? त्यांच्यासाठी कोण म्हणणार? त्यात विधानसभेची निवडणूक आली. एकाच्या दारावर एक झेंडा, दुसऱ्याच्या दारावर दुसरा. बोलाचाली झाली, खुर्ची आपटली, आणि मग एका शनिवारी एक गट, दुसऱ्या शनिवारी दुसरा, असं सुरू झालं. बिनयामीन होता तोवर ओढून ताणून सणाला तरी एकत्र बसवायचा. तो गेल्यावर तेही संपलं.

कद्दीश म्हणायचं मुलानं, आणि मोझेलला मुलगा नव्हता. मुलगी शिफ्रा, पुण्यात. तेव्हा कद्दीश कोण म्हणणार?

किहीमकर काका घरी आले. "मी म्हणतो, मोझेल. लांबचा का असंना, माझा भाचाच हुता त्यो."

"दहा जण आहेत तुमच्यात, काका?"

काकांनी चहाचा कप उचलला. दुसऱ्या दिवशी सर आले. तेही म्हणाले, "वहिनी, कद्दीश मी म्हणेन." तिनं त्यांनाही तेच विचारलं. त्यांनीही कपच उचलला. चहा दोघांनी संपवला. दोघांच्याही कपात साखर घालायची ती विसरली होती, पण कुणी बोललं नाही.

तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. छातीत कुणी भूल दिल्यासारखं झालं होतं. फक्त काम अर्धं राहिलंय, एवढं तिला कळत होतं.

हिवाळा सरत आला, तू बिश्वातचा, झाडांचा सण जवळ आला. त्या दिवशी एलियाहू नबीचा मलिदा करायचा. कोकणातून आलेल्या वाडवडलांपासूनची रीत. तिनं एकेकाला फोन केला. "एलियाहूचा मलिदा आहे. संध्याकाळी या." दुसरं कोण येणार, असं सगळ्यांनी विचारलं. "सगळे," एवढंच ती म्हणाली. एलियाहूच्या मलिद्याला नाही कोण म्हणणार?

संध्याकाळी माळ्यावर दोन्ही गट आले. भिंतीला धरून बसले, समोरासमोर, सोयरीक मोडलेल्या घरांसारखे. भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं घालून, वर फळं लावून मोझेलनं ताट मधोमध ठेवलं. एलियाहूचं गाणं झालं. मग किहीमकर काका घसा खाकरून उठायला लागले, तशी ती म्हणाली, "बसा, काका. आज कुणी प्रार्थना सांगायची नाही. ज्याला ज्याची काळजी आहे त्यानं त्याचं नाव घ्यायचं. नुसतं नाव. बाकीच्यांनी आमेन म्हणायचं."

आवाज वॉर्डात ताप वाचून दाखवावा तसा. त्यात ना विनवणी, ना धाक. म्हणूनच की काय, कुणाला वाद घालायला धरायला काही सापडलं नाही.

"योनातान," काका म्हणाले. "माझा नातू. देशासाठी त्यो..."

"नुसतं नाव, काका."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. सरांनीही, खाली बघून.

कुणी आजारी आईचं नाव घेतलं, कुणी दुबईतल्या मुलाचं. मग सरांची पाळी आली.

"लैला," ते म्हणाले. "गाझातली. सहा वर्षांची पोर, तिच्या घरावर..."

"नुसतं नाव, सर."

खाली वखारीत पाटलांचे हमाल पोती रचत होते, त्याचा धप्प आवाज तेवढा येत होता. काका लालबुंद झाले. आता उठतात की काय, असं सगळ्यांना वाटलं.

"आमेन," मोझेल म्हणाली. मग बायकांतून दोघी-तिघींचा आवाज आला, मग पुरुषांतून. काका बोलले नाहीत. पण उठलेही नाहीत.

सरांनी चष्मा काढला. "आणखी एक घेतो," ते म्हणाले. "बिनयामीन." आणि ते पोरासारखे रडायला लागले.

"आमेन," काका म्हणाले. सगळ्यांत आधी.

तिनं स्वतः ते नाव तो गेला त्या दिवसापासून घेतलं नव्हतं, हे मोझेलच्या तेव्हा ध्यानात आलं. आता तरी काही होईल म्हणून तिनं जरा वाट पाहिली. काही झालं नाही. तिनं उठून मलिदा वाटायला घेतला.

"वहिनी, दहा जण आहेत इथं," सर डोळे पुसत म्हणाले. "कद्दीश आत्ताच म्हणू."

"कोण म्हणणार?" कुणीतरी विचारलं.

काका म्हणाले, "सर म्हणतील. दोस्त हुता त्यो त्येंचा." मग थांबून, "मी संगं उभा ऱ्हातो."

कद्दीश झालं. काका आणि सर शेजारी उभे होते, एकमेकांकडं न बघता.

पुढच्या शुक्रवारी तिनं सरांना फोन केला.

"किहीमकर येणार आहेत?"

"येतील."

"मग मीही येतो. पण मी त्यांच्याशी बोलणार नाही, वहिनी."

"नका बोलू," मोझेल म्हणाली, "उद्या सकाळी साडेआठची गाडी धरा," आणि पुढचा नंबर लावला.