किल्ली उजव्या हातात

वहीताईंनी दिग्दर्शकाच्या हातातली वही ओढून परत घेतली आणि छातीशी धरली. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातून वस्तू हिसकावणं म्हणजे काय, हे त्यांना हिसकावून झाल्यावर कळलं.

"एकच शब्द बदलायचाय, ताई," दिग्दर्शक हसून म्हणाला. "किल्लीच्या ओळीत उजव्याच्या जागी डावा."

"अठ्ठावीस वर्षं झाली, सर. डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी या वहीत लिहिलेलं नाही."

काम दिसायला साधं, पण डोळ्यांत तेल घालून करावं लागे. एकच प्रसंग चार दिवस तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. पहिल्या दिवशी पेला अर्धा असेल, तर चौथ्या दिवशीही तो अर्धाच लागतो. तो अर्धा पेला वहीत टिपून ठेवणं, ही त्यांची नोकरी. सगळं युनिट त्यांना वहीताईच म्हणे. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच.

ही मालिका मात्र उरफाटी होती. नायिका कामावरून घरी येते, तर नवरा, सासू, शेजारीण, कुणीच तिला ओळखत नाही. आरशात दुसरीच बाई दिसते. बाई खरी की घर खरं, हे बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये. गोष्ट वहीताईंना आवडलीही होती. पण दिग्दर्शकाच्या डोक्यात खूळ शिरलं, की अभिनय नको, खरीखुरी भीती हवी. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं नायिकेचं काम करणारी मुलगी सोडून सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तिच्याशी रोज थोडं थोडं खोटं बोलायचं. हिरवे पडदे रातोरात पिवळे झाले, आणि जो तो म्हणाला, पिवळेच तर होते! मेकअपवाल्यानं गळ्याशपथ सांगितलं, तुमचा भांग डावीकडूनच असतो. पहिल्या दिवशी सगळे तोंडावर हात ठेवून हसले. वहीताईही हसल्या होत्या.

मुलगी जेमतेम पंचविशीची. काल ती वहीताईंच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली.

"ताई, उद्या मला तुमची वही दाखवाल? बाकीचे काय म्हणतात ते राहू दे. तुम्ही लिहिलंय तेच मी खरं धरीन."

त्याच दुपारी ती जिन्याखाली फोनवर बोलताना ऐकू आली. "आई, माझ्या गुडघ्यावरचा वण कशाचा गं? सायकलवरून पडले त्याचाच ना? नक्की?" वहीताईंनी डबा न उघडताच परत ठेवून दिला. पोरीचं खरेपण चोरावं आणि वर तिच्याच भीतीवर वाहवा मिळवावी, असला हा प्रकार, आणि त्यात आपण पंधरा दिवस मुकाट बसलो.

"शेवटच्या दिवशी मी तिला सगळं सांगणारच आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"तोवर ती उरली तर सांगाल. मी नाही बदलणार."

"मग दुसरं कुणीतरी बदलेल," तो गोड आवाजात म्हणाला आणि निघून गेला.

चहाच्या वेळी वहीताई कपड्यांच्या खोलीत गेल्या आणि रागाच्या भरात वही खुर्चीवरच विसरल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. परत आल्या तर दिवे लागलेले, कॅमेरा सुरू, आणि खोट्या घराच्या दारात मुलगी उभी. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात वही.

"डाव्या हातात," ती वाचत पुटपुटली. तिनं किल्ली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मग परत उजव्या. "पण मी तर..."

तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दिग्दर्शक पुढे झुकला; त्याला हवं होतं ते हेच.

वहीताई चालत गेल्या. जमिनीवरच्या केबली ओलांडून, दिव्यांच्या उजेडातून, सरळ कॅमेऱ्यासमोर.

"ते अक्षर माझं नाही," त्या म्हणाल्या. "किल्ली उजव्या हातात होती. पडदे हिरवे होते. भांग तू मधोमध पाडतेस. आणि गुडघा सायकलवरूनच फुटलाय, तुझी आई कशाला खोटं बोलेल? खोटं आम्ही बोललो, बाळा. मी गप्प बसले, तेही खोटंच."

मुलगी दारातच खाली बसली.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

दिवेवाला मान खाली घालून केबल गुंडाळायला लागला. मुलगी रडली नाही. तिनं किल्ली उजव्या मुठीत घट्ट आवळली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. तो चिडलेला नव्हता. त्याचा चेहरा उजळला होता. "ताई, काय केलंत हे! अख्ख्या मालिकेत इतकं खरं काही नाही. कॅमेऱ्यामागची बाई गोष्टीत शिरते! बघणारे चक्रावून जातील. हे असंच ठेवायचं."

पाच मिनिटांत व्यवस्थापक कागद घेऊन आला. वहीताईंचा चेहरा वापरायला त्यांची हरकत नाही, अशी संमती. खाली सहीची जागा.

वहीताईंनी कागद नीट वाचला आणि सही न करता त्याच्या हातात परत दिला. मग मुलीकडून वही मागून घेतली. परक्या अक्षरातली ओळ खोडली, तिच्याखाली खरी लिहिली. प्रत्येक टेकपुढे त्यांचा शेरा असे, आणि त्या ज्याला बाद म्हणत तो संकलक उघडूनही बघत नसे. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. मुलगी वाकून बघत होती, म्हणून त्यांनी अक्षर जरा मोठं काढलं.

"टेक तिसरा. बाद. कारण: चौकटीत दोन खरी माणसं."