डोक्यावरचं पाखरू

आजोबांच्या खुर्चीत पोर रडलं, असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मोठ्यांचे केस काय, कुणीही कापतं. न्हाव्याची खरी परीक्षा चिमुरड्यांच्या डोक्यावर होते, असं ते म्हणायचे, आणि त्या परीक्षेत आपण पहिले आलोय हेही लगोलग सांगून टाकायचे. खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकायची, पोराला वर बसवायचं, गळ्याभोवती कापड बांधायचं आणि कानाशी वाकून हळूच म्हणायचं, "तुझ्या डोक्यावर पाखरू बसलंय. हललास की उडून जाईल हं." पोर श्वास रोखून बसायचं. मग मानेमागे एक बोट टेकवलं की मान आपसूक खाली वाकायची. आया तोंडात बोट घालून बघत राहायच्या. आजोबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

घरातलं पोर मात्र या विद्येला भीक घालत नव्हतं.

नातू सव्वा वर्षाचा होता आणि त्याला घरात सगळे भोवरा म्हणत. सगळे म्हणजे आजोबा आणि त्याची आई. तिसरं माणूस घरात नव्हतंच. आजोबांची बायको केव्हाच गेली होती आणि जावई बोटीवर कामाला, वर्षातून एकदा उगवणारा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांतून दिवसभर भिरभिरणारा हा भोवरा. पाखरू वगैरे सांगितलं की तो आधी स्वतःच्या डोक्यावर थापटी मारून बघायचा आणि मग आजोबांच्या डोक्यावर.

त्यात लेकीने पुस्तकाचं खूळ काढलं. लस टोचायला नेलं तेव्हा तिथल्या नर्सने तिला सांगितलं की मुलाला रोज वाचून दाखवा, न का कळेना, कानावर शब्द पडू देत. लेकीने ते फारच मनावर घेतलं. ती एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसायची, सकाळी जायची ती संध्याकाळी उगवायची. तेव्हा वाचनाचं काम आपोआप आजोबांच्या गळ्यात पडलं. दुपारी दुकान अर्धं ओढून घेऊन ते मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे, भोवऱ्याला मांडीत दाबून धरायचे आणि पुस्तक उघडायचे.

जाड पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. हत्तीच्या पिल्लाला झोप आलेली असते आणि ते झोपायला जागा शोधत हिंडतं. पलंगावर चढतं, पलंग मोडतो. होडीत आडवं होतं, होडी बुडते. एवढीच गोष्ट, पण ती पुरी करणं म्हणजे आजोबांच्या नाकी नऊ यायचे. पलंग मोडेपर्यंत भोवऱ्याचा एक पाय आजोबांच्या पोटात, दुसरा पानावर. होडी येईतो पुस्तकाचा कोपरा त्याच्या तोंडात. मग अंगाचा असा काही पिळा घालायचा की आजोबांच्या हातात नुसतं झबलं उरायचं आणि बाळराजे रांगत दुकानात, केसांच्या ढिगात. आणि एरवी दुकानात केस कापायचं मशीन सुरू झालं तर विचारूच नका. त्या गुर्र आवाजाकडे तो असेल तिथून अक्षरशः उडी घ्यायचा.

"आज कुठवर?" लेक रोज विचारायची.

"होडी."

"परवाही होडीच होती, बाबा."

"मग तू वाच की. तुझा पोरगा म्हणजे मांडीवर पाण्याची बादली घेऊन बसल्यासारखं आहे."

पण आतून ते इरेला पेटले होते. परक्या पोरांना पुतळ्यासारखं बसवणारा माणूस स्वतःच्या नातवापुढे हात टेकतो, ही गोष्ट त्यांना झोंबत होती. शेवटचं पान त्यांनी मुद्दाम बघितलं नव्हतं. हा बसेल त्या दिवशीच बघायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हातारपणी माणूस हट्टाला पेटला की असंच काहीतरी करून बसतो.

त्या दिवशी सकाळी भोवऱ्याचं अंग जरा कोमट होतं. दूध प्यायला आणि सगळं ओकला. लेकीने हिरड्यांवरून बोट फिरवलं. दाढ येत होती. "दाताचा ताप असेल," ती म्हणाली. आजोबाही म्हणाले, "दाताचाच." दात येताना तिलाही असाच ताप यायचा, हे त्यांना आठवत होतं. ती कामावर गेली.

दुपारी आजोबांनी त्याला मांडीवर घेतलं. तो बसला. त्यांनी पुस्तक उघडलं. पलंग मोडला, भोवरा हलला नाही. होडी बुडाली, भोवरा हलला नाही. त्याने डोकं आजोबांच्या छातीवर टाकलं होतं आणि डोळे अर्धवट मिटले होते. आजोबांनी आवाज एकदम खाली आणला, खुर्चीतल्या पोरांशी बोलताना आणायचे तसा. "पाखरू बसलंय हं," ते पुटपुटले. होडीच्या पुढची पानं ते पहिल्यांदाच वाचत होते. गवताची गंजी आली, ती कोसळली. विटांची भिंत आली, तीही पडली. त्यांना हसू येत होतं, आणि हसण्याने छाती हलली तर हा जागा होईल म्हणून त्यांनी ते दाबून धरलं.

भोवऱ्याची मान मागे कलली होती. चित्र त्याला नीट दिसावं म्हणून आजोबांनी सवयीने मानेमागे बोट टेकवलं. मान वाकली नाही. त्यांनी जरा जोर दिला, तेव्हा पोर बारीकसं कण्हलं. बोटाखाली मान ताठ होती. जन्मभर माना वाकवलेल्या त्या बोटाला ते कळलं, स्वच्छ कळलं. पण आजोबांच्या डोक्यात त्या क्षणी शेवटचं पान होतं. मान धरून बसलाय, आजोबाचाच हट्टीपणा, असं काहीतरी मनाशी म्हणत त्यांनी बोट काढून घेतलं आणि पान उलटलं.

शेवटच्या पानावर हत्तीण होती आणि तिच्या पोटाखालच्या सावलीत पिल्लू. खाली लिहिलं होतं, 'पिल्लू झोपलं. आता कुणीही आवाज करू नका.'

लेकीचा फोन चहाच्या सुट्टीत आला. काउंटरवर फोन जवळ ठेवायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती दिवसातून एकदाच बोलायची. "ताप कसा आहे?" तिने विचारलं.

"आहे जरासा. ते सोड. आज पुस्तक पुरं झालं."

"काय सांगता."

"शेवटच्या पानापर्यंत. जागचा हलला नाही. अगं, हाडाचा कारागीर आहे मी. उशीर लागतो, पण जमतं."

ती हसली. मागे वळून ती कुणालातरी सांगत असल्याचं आजोबांना फोनवर ऐकू आलं, "माझ्या मुलाने आज अख्खं पुस्तक ऐकलं." त्यांनी फोन ठेवला आणि पोराला गोधडीवर निजवलं. दुकान उघडलं. आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी हीच फुशारकी ऐकवली.

संध्याकाळी लेक आली. चपला काढायच्या आत तिने आत डोकावून बघितलं आणि ती जागच्या जागी थबकली. भोवऱ्याचे डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. तिने त्याला उचललं तशी त्याची टाळू तिच्या हनुवटीला भाजली, आणि तिच्या हातातच त्याला झटका आला. आजोबा हातात कात्री घेऊन दारात उभे होते. खुर्चीतला माणूस अर्ध्या कापलेल्या केसांनिशी उठला आणि त्यानेच आपली गाडी काढली.

दवाखान्यात त्यांच्या हातातून पोर काढून घेतलं गेलं. काचेच्या दारापलीकडे भोवऱ्याला उताणं निजवलेलं होतं आणि डॉक्टरबाई त्याच्या डोक्याखाली हात घालून डोकं उचलत होत्या. डोकं उचललं की खांदेही वर येत होते. बाई बाहेर आल्या.

"मान कधीपासून अशी आहे?"

"नाही माहीत," लेक म्हणाली. "मी आत्ता आले. सकाळी नव्हती. सकाळी नुसता ताप—"

"दुपारपासून," आजोबा म्हणाले.

लेकीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"हाताला लागली होती."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. भांडली असती, चार शब्द टाकून बोलली असती तर बरं झालं असतं; आजोबा त्याची वाटच बघत होते. पण ती डॉक्टरबाईंकडे वळली. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, औषध लगेच सुरू करतोय, असं बाई सांगत होत्या. आजोबांनी मध्येच विचारलं, "दुपारी आणलं असतं तर?" "आता त्याचा विचार नका करू," बाई म्हणाल्या. आजोबांना उत्तर मिळालं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर लेक स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी कामावरच्या सगळ्या मुलींना सांगितलं. टाळ्या वाजवल्या त्यांनी." मग ती ओंजळीत तोंड लपवून रडली. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत आपल्या मांडीवर ठेवला. त्या हाताची त्यांना किळस आली होती.

भोवरा वाचला. बरेच दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लावून तो घरी आला तेव्हा झबल्यात पोर होतं की नुसतं झबलं, असा प्रश्न पडावा इतका वाळला होता. पावलं टाकायला लागला होता, ते विसरला. बसवलं की एका अंगावर कलायचा. आजोबांनी दुकान उघडलं, कारण पोट कुणाला चुकलंय, पण भिंतीशी उभी केलेली फळी त्यांनी काही हाती घेतली नाही.

एका सकाळी लेकीने त्याला खुर्चीमागे चटईवर बसवलं होतं. आजोबांनी गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन लावलं. गुर्र आवाज झाला आणि सवयीने त्यांनी एक पाय मागे सरकवला, आता हा झेपावेल म्हणून. पायाला काही लागलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. भोवरा डब्याच्या झाकणाशी खेळत होता. त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मग गिऱ्हाइकाला तसंच ठेवून ते खाली वाकले आणि त्याच्या कानामागे, त्याला दिसणार नाही असं, मशीन धरलं. झाकण फिरवण्यात तो गुंग होता.

या वेळी त्यांनी एक क्षण दवडला नाही. ते आत गेले. लेक भाजी चिरत होती.

"पोरी," ते म्हणाले, "त्याला ऐकू येत नाहीये."

तिने विळी बाजूला सारली आणि ती दुकानात आली. तिने टाळ्या वाजवल्या. त्याच्या पाठीमागे उभं राहून त्याला हाका मारल्या, आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की रस्त्यावरची माणसं थांबली. खुर्चीतल्या माणसाने मान खाली घातली. पुढे तपासण्या झाल्या, पण त्यातून कळायचं ते त्या सकाळीच कळलं होतं. आजारात गेलेलं त्याचं ऐकणं औषधाने परत येणारं नव्हतं.

त्यानंतर कधीतरी एक बाई आपल्या मुलाला केस कापायला घेऊन आली. आजोबा नाही म्हणत होते, पण तिने स्वतःच फळी टाकून पोराला वर बसवलं. आजोबांनी कापड बांधलं. पाखराची गोष्ट काही त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. ती न सांगताच पोर शहाण्यासारखं बसलं, अगदी दगडासारखं. आजोबांनी मानेमागे बोट टेकवलं, मान वाकली, आणि तरीही त्यांनी ती पुन्हा एकदा वाकवून पाहिली.

"जरा हल रे बाळा," ते म्हणाले.

पोराने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"हल म्हणतो ना. पाय झाड. काहीतरी कर."

बाईने मुलाला फळीवरून उतरवून घेतलं आणि ती निघून गेली.

लेकीची रजा संपली. भोवऱ्याला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न तिने चार ठिकाणी विचारून पाहिला होता, हे आजोबांना ठाऊक होतं. शेवटी ती त्यांच्याकडेच आली. विश्वासाने नव्हे, नाइलाजाने. पुस्तक तिने कपाटावर टाकलं होतं. त्या सकाळी ती डबा भरत असताना भोवऱ्याने आजोबांच्या मांडीतून वर बोट केलं आणि हुंकार दिला. आजोबांना वाटलं, डबा हवा असेल. डबा दिला, तो त्याने भिरकावला. ताट दिलं, तेही भिरकावलं. मग आजोबांनी त्याच्या बोटाच्या रोखाने पाहिलं आणि लेकीकडे पाहिलं. तिने टाचा उंचावून पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

आजोबा नुसतेच पानं उलटू लागले. भोवऱ्याने चित्रावर थाप मारली, मग वळून त्यांच्या ओठांवर. तो ओठ हलायची वाट बघत होता. आजोबांनी वाचायला सुरुवात केली. पलंग मोडला. पोटात एक पाय बसला, नेम पूर्वीइतका नव्हता, पण बसला. आजोबांनी दुसऱ्या हाताने त्याची मान चाचपली. मऊ होती. आता ते दिवसाकाठी कितीदा तरी चाचपायचे.

लेक चपला घालून दारात उभी होती. तिचा पाय निघत नव्हता.

"बाबा."

"काय गं?"

"शेवटचं पान नका वाचू."

"नाही वाचत," आजोबा म्हणाले.

ती गेली. होडी बुडायच्या आत भोवऱ्याने लाथ मारून पुस्तक लांब उडवलं. आजोबांनी सरकत जाऊन ते उचललं, झबल्याला पुसलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतलं.