तय्यबाच्या पिशवीतली पोलादी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. भिंतीत गाडलेल्या पाइपांतून विजेच्या वायरी ओढण्याचं काम मी आयुष्यभर केलं.

तुम्ही बटण दाबता आणि दिवा लागतो. पण त्या बटणापासून दिव्यापर्यंत वायर भिंतीच्या आतून कशी गेली असेल, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? घर बांधताना भिंतीत रिकामे पाइप पुरून ठेवतात. वायर मऊ असते, नुसती ढकलली तर थोड्याच अंतरावर दुमडून बसते. म्हणून आधी मला आत सारतात. मी अंधारातून वाट काढत दुसऱ्या टोकाला बाहेर आले, की माझ्या डोक्याच्या भोकाला वायर बांधतात आणि मला मागे ओढतात. माझ्यामागून वायर निमूट येते.

मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात मला लालभडक तापवलं आणि तेलात बुडवलं. तिथून मी विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीतल्या एका दुकानात आले. साल १९८५ असावं. एके दिवशी भिवंडीहून यूनुस नावाचा वायरमन तिथे आला. दुकानदाराने त्याच्यापुढे तीन वस्तू ठेवल्या. एक साधी लोखंडी तार, एक गुंडाळी केलेली स्प्रिंग आणि मी. यूनुसने तार वाकवून सोडली. ती वाकलेलीच राहिली. स्प्रिंग त्याने बोटाभोवती फिरवून पाहिली आणि म्हणाला, "वळणावर ही छान जाईल, पण लांब पाइपात दम सोडेल." मग त्याने मला पार गोल वाकवलं आणि हात काढून घेतला. मी सपकन सरळ झाले.

"हिला मोडता येणार नाही," तो हसून म्हणाला. मित्रांनो, ती माझी पहिली शाबासकी!

यूनुसची बायको तय्यबा. स्वतःच्या घरात वायरिंग करताना त्याने तिलाच दुसऱ्या टोकाला उभं केलं. तो मला सारी, ती पकडी. "आली का?" "आली, आली!" छोटी इशरत मधे उभी राहून टाळ्या वाजवी. त्या दिवशी यूनुसने माझ्या अंगावर बोट ठेवून तय्यबाला बजावलं, "ही पोलादाची आहे. वीज हिच्या अंगातून पाण्यासारखी धावते. आधी मेन बंद, मग पट्टी. घाईत असलीस तरी."

पुढे काही वर्षांत यूनुसला कावीळ झाली. ती त्याला घेऊनच गेली. मी खुंटीवर टांगलेली राहिले.

तेव्हा भिवंडीत कोकणी मुसलमानांची कितीतरी घरं अशी होती, की कर्ते पुरुष कुवेतला किंवा दुबईला आणि घरात सगळ्या बायकाच. शेजारच्या शमीमच्या घरातला पंखा बंद पडला. परक्या माणसाला आत कसं घ्यायचं म्हणून ती तय्यबाकडे आली. "तू भाईसाहेबांना मदत करायचीस ना? बघ तरी एकदा."

तय्यबाने मला खुंटीवरून काढलं. तिने आधी मेन बंद केला. पाइपातली जळकी वायर काढून नवी ओढली. पंखा फिरू लागला आणि शमीमच्या सासूने तय्यबाच्या डोक्यावर हात ठेवला. मग एका घरातून दुसऱ्या घरी तिचं नाव पोहोचलं. इशरतची शाळा, चूल, अंगावरचं कापड, सगळं त्या कामावर चालू लागलं.

पण तय्यबाला कामाची लाज वाटे. भिंतींना हातोडी मारणारी, शिडीवर चढणारी बाई! दिराने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आमच्या घराण्यातल्या बायका आता खांबावर पण चढणार का?" तेव्हापासून ती मला भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुड्यांखाली लपवून नेई. रस्त्यात कुणी हटकलं, तर "भाजी आणायला गेले होते," म्हणे. दुकानात स्विच घेताना सांगे, "दिरांना हवेत." मेथीखाली पडल्या पडल्या मी हे ऐके. आपण चोरीचा माल आहोत की काय, असं मला वाटू लागे.

वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावातून अनंता नावाचा गवळी दूध घेऊन येई. गावात तो मुनीरच्या घरीही दूध घाली. मुनीर गुणी मुलगा, घर खाऊनपिऊन सुखी. इशरतसाठी त्या घरचा निरोप अनंताच घेऊन आला. तय्यबाला हर्ष झाला आणि भीतीही वाटली.

पाहुणे इशरतला बघायला यायच्या दिवशी सकाळी तिने मला खुंटीवरून ओढलं आणि दूध घालून निघालेल्या अनंताच्या हातात कोंबलं.

"भाभी, ह्या काय हाय?"

"पाइपातून वायर ओढायची पट्टी. तू गावात दिवेबिवे लावतोस ना? तुझ्या उपयोगी पडेल. मी आता ते काम सोडलं."

"कशी वापराची ती सांगा तरी."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. तय्यबाचा चेहरा पांढरा पडला. "घालायची पाइपात आणि ओढायची. जा तू आता. आणि हे बघ अनंता, मी हे काम करायची ते मुनीरच्या घरी बोलू नकोस. तुला आईची शपथ."

"न्हाय बोलत, भाभी," अनंता म्हणाला.

त्याआधी घरात इशरत आईला म्हणाली होती, "अम्मी, सांगून टाक ना त्यांना. यात वाईट काय आहे?"

"आधी तुझं लग्न होऊ दे," तय्यबाने तिला गप्प केलं होतं.

अनंता मला सायकलला अडकवून घेऊन गेला. यूनुसने सांगितलेली ती एक गोष्ट मात्र माझ्याबरोबर गेली नाही. ती तय्यबाच्या ओठांआड राहिली. मला वाचा नाही, मित्रांनो. मी काय सांगणार?

अनंताच्या गोठ्यात मी आढ्याला लटकत राहिले. कधी तुंबलेली मोरी साफ करायला त्याने मला वापरलं. अंगावर गंज चढला. तरी त्याने दोनचार घरी माझ्याकडून वायरी ओढून घेतल्या. ती नवी घरं होती, अजून वीज न जोडलेली. त्यामुळे काहीच बिघडलं नाही आणि माझ्यात काही धोका आहे हे त्याला कळलंही नाही.

लग्न झालं. मे महिन्याचा उकाडा होता. मुनीरच्या घरी वलीम्याची, म्हणजे लग्नानंतरची दावत होती. अंगणात पुरुष, आतल्या खोलीत बायका. तय्यबा विहिणीशेजारी, नव्या साडीत संकोचून बसली होती. अचानक पंखा थांबला आणि भिंतीतून रबर जळल्याचा वास आला. बाया पदराने वारा घेऊ लागल्या. एक म्हातारी घाबरीघुबरी झाली. मुनीरच्या आईने हाक मारली, "अरे, अनंताला बोलवा. घरचाच आहे तो."

अनंता मला खांद्यावर टाकून आला. टेबलावर चढण्याआधी त्याची नजर तय्यबाकडे गेली. त्या नजरेत विचारणं होतं. ती एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. तय्यबाने मान खाली घातली.

अनंता शपथ पाळणारा माणूस. तो काही बोलला नाही. त्याने पंख्याचं बटण तेवढं बंद केलं आणि छतातल्या वायरीच्या डबीतून मला पाइपात सारू लागला. खाली भिंतीवरच्या बोर्डात वीज जिवंत होती. तय्यबाला ते दिसत होतं. मी तिचा चेहरा पाहत होते. तिचे ओठ हलले, पुन्हा मिटले. चार बायका आपल्याकडे बघतील, विहीण विचारील, इशरतला बोल लागेल... एवढं सगळं तिच्या मनात येईपर्यंत मी पाइपाच्या तळाशी पोहोचले होते.

माझं टोक तारेला लागलं.

मित्रांनो, यूनुस म्हणाला होता तसंच झालं. वीज माझ्या अंगातून धावली आणि अनंताच्या हातात शिरली. त्याची मूठ माझ्यावर घट्ट आवळली गेली. मला सुटायचं होतं, पण पोलादाला धडपडता कुठे येतं? मी नुसती थरथरत राहिले आणि त्याचा हात भाजत राहिले.

"मेन! मेन पाडा!" तय्यबा किंचाळली. कुणाला कळेना. ती तशीच उठली, डोक्यावरचा पदर घसरलेला, पुरुषांच्या पंक्तीतून, मांडलेली ताटं ओलांडून ओसरीवर धावली आणि तिने मेनचा दांडा खाली खेचला. आत अनंता टेबलावरून कोसळला.

त्याचा जीव वाचला. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. उजवा तळहात मात्र असा भाजला, की दोन बोटं कायमची आखडून गेली.

त्या दिवशी लोक पांगल्यावर मुनीरच्या आईने विचारलं, "मेनचं तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी वायरिंगची कामं करत होते. तुमच्यापासून लपवलं."

मुनीरच्या आईने ते टेबल भिंतीशी सरकवलं. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? आधी कळतं तर कदाचित आम्ही नाही म्हटलं असतं. पण विहीणबाई, आज तुम्ही गप्प बसलात, ते त्याहून वाईट झालं."

अनंताची बायको गोदू. तय्यबा तिच्या दारात गेली, तेव्हा गोदू म्हशीची धार काढत होती. आधी ते काम अनंताचं होतं.

"भाभीला काय बोलू नको गो," ओटीवरून अनंता म्हणाला. "माझीच चूक व्हती."

"तुमी गप रवा. मी त्यांना इचारतंय." गोदूने चरवी खाली ठेवली. "तुमाला ह्या काम येत व्हता ना? मंग तोंड का न्हाय उघडला?"

 तय्यबाकडे उत्तर होतं, पण ते उच्चारण्याची तिला शरम वाटली. इतकी वर्षं ती माझी लाज बाळगत होती. त्या दारात तिला कळलं, लाज कशाची वाटायला हवी होती ते. शेवटी ती एवढंच म्हणाली, "लोक काय म्हणतील म्हणून."

गोदू पुन्हा धारेला बसली. अपघातानंतर कुणीतरी मला पुन्हा गोठ्याच्या आढ्याला टांगलं होतं; तय्यबाने तिथून मला काढून घेतलं. माझं टोक जळून काळं झालं होतं.

त्यानंतर तय्यबाने पुन्हा काम धरलं. मेथीची पिशवी तिने टाकून दिली. मला उघड्या हातात घेऊन ती बाजारातून चाले. दीर बोलला. तिने ऐकून घेतलं आणि चालत राहिली. पावसाळा सरला तेव्हा एका सकाळी गोदू तिच्या दारात येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"नुसत्या दुधावर आता भागत न्हाय. मला ह्या काम शिकवा. आन सगला शिकवा, कायपन ठेवू नका."

त्या दोघी मिळून दुकानात गेल्या. दुकानदाराने सवयीने विचारलं, "दिरांसाठी?"

"माझ्यासाठी," तय्यबा म्हणाली. "आणि हिच्यासाठी."

त्याने माझ्यासारखीच एक नवी पोलादी पट्टी पुढे केली आणि तिच्या शेजारी नुकतीच आलेली नायलॉनची. तय्यबाने ताठपणा पाहिला, वळण पाहिलं. गोदूने दोन्हींना हातही लावला नाही. तिने दुकानदाराला विचारलं, "कंच्यातून करंट येत न्हाय?"

"नायलॉनमधून येत नाही. पण वळणावर थोडी अडते, जोर लागतो."

"लागू दे जोर," गोदू म्हणाली.

मला बाजूला सारलं त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या निवडीला मी मनातून मान डोलावली. नायलॉनची आली तरी तय्यबाने गोदूला पहिला धडा तोच दिला: आधी मेन बंद. गोदूने तिला कधी माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. ती तसं कधी बोलली नाही. पण पुढे अनेक वर्षं भिवंडीतल्या कितीतरी घरांत एका टोकाला बुरख्यातली तय्यबा आणि दुसऱ्या टोकाला काष्टा घातलेली गोदू उभी असे, आणि भिंतीतून हाक जाई, "आली का?"

मी आता माळ्यावर असते. मला तेलपाणी करा असं मी सांगणार नाही, माझे दिवस संपले. पण मित्रांनो, तुमच्या हातातली सुरी, कात्री, इस्त्री कधी दुसऱ्याला द्याल, तर तिचा धोकाही सांगून द्या. दारात पाहुणे आले असले तरी सांगा. चार लोक हसणार असले तरी सांगा. अनंता अजून दूध घालतो. किटली डाव्या हातात धरतो.