बिल्ल्याखालच्या दोन अँटेना

तळहाताएवढ्या बोर्डावर चार अँटेना बसवायच्या, चौघींनी रुंद पट्ट्यातल्या सगळ्या लहरी पकडायच्या आणि एकीने दुसरीच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, या कामात माझी दोन वर्षं गेली. चार जावा एका ओट्याशी नांदवणं सोपं असावं. शेवटी चौघींना चार कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसवलं, मधल्या तांब्याच्या थरात बारीक फट कापली, तेव्हा कुठे संसार लागला.

मग हा बोर्ड ज्यात बसायचा त्या वायफायच्या डबीला झाकण आलं. झाकणाचं काम माझ्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाकडे. कंपनीचा सजावटप्रमुख. त्याने झाकणावर कंपनीचा पितळी बिल्ला चिकटवला, नेमका दोन अँटेनांच्या डोक्यावर.

"अरे, धातू आहे तो. खालच्या दोघी बहिऱ्या होतील."

"भावजी, तुमच्या अँटेना कोणाला दिसतात? बिल्ला दिसतो."

"मग प्लॅस्टिकचा कर."

"हाताला हलका लागतो."

साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि खास साहेबी तोडगा काढला. बिल्ला राहू दे, खालच्या दोन अँटेना काढा. दोनवरही चालतंच ना? चालतं. माणूस एका मूत्रपिंडावरही चालतो, म्हणून कोणी शर्टाला बटण लावायला दुसरं काढून देत नाही.

पण गिऱ्हाईकाला शब्द चारचा दिला होता. तेव्हा चाचणी चारची, झाकण काढून. माल दोनचा, बिल्ला लावून.

"मी झाकणासकट चाचणी करणार," मी म्हणालो.

"करा की," साहेब म्हणाले. "नापास झाली तर तुमचं डिझाइनही गेलं आणि तुमचा विभागही."

चाचणीला गिऱ्हाईकाच्या इंजिनीअर बाई आल्या. लहरी भिंतींवर आपटून परतू नयेत म्हणून टोकदार काळा फोम लावलेल्या खोलीत मी डबी ठेवली, झाकणासकट. दार लावलं. बाहेरच्या पडद्यावर चारपैकी दोन रेघा आडव्या पडल्या.

"या दोघींना काय झालं?" बाईंनी विचारलं.

साहेबांना खोकला आला.

"डोक्यावर बिल्ला आहे," मी म्हणालो.

बाईंनी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि थेट आत गेल्या. मेहुणा मागोमाग. "मॅडम, त्याचा गोंद खास मागवलाय, तो..." तोवर बिल्ला उचकटला होता. दोन्ही रेघा उठून उभ्या राहिल्या.

"अशीच पाठवा," बाई म्हणाल्या. "बिल्ला नको, अँटेना चारही."

ऑर्डर मिळाली. कंपनीत सत्कार झाला, मेहुण्याचा. साहेबांनी भाषणात झाकणाच्या 'धाडसी साधेपणा'चं कौतुक केलं. मला मात्र केबिनमध्ये बोलावून समज दिली: घरच्या गोष्टी गिऱ्हाईकासमोर काढू नयेत.

त्या संध्याकाळी मेहुणा आमच्याकडे जेवायला. बायको वाढता वाढता म्हणाली, "निदान आज तरी त्याचं अभिनंदन करा. भावाचं कौतुक तुम्हाला बघवतच नाही."

"राहू दे गं ताई," मेहुणा उदारपणे म्हणाला. "भावजी, पुढची डबी ठरली. या वेळी बिल्लाबिल्ला काही नाही. अख्खं झाकणच पितळी. साहेबांना फार आवडलं."

मी हात धुतला आणि तिथेच, दोघांच्या देखत, गिऱ्हाईकाच्या इंजिनीअर बाईंना फोन लावला.