नवनाथची नागोयाची वही

मी एक जुनी, खिशात मावणारी वही आहे. पुठ्ठा चुरगळलाय, कोपरे दुमडलेत, पाठीवर मशीनच्या तेलाचा अंगठा उमटलाय. म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्यातले कितीजण जपानला पाच वेळा जाऊन आलेत? मी आलेय.

महाळुंग्यात बसथांब्यासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून नवनाथनं मला उचललं. लातूरकडचा माणूस, चाकणच्या एका जपानी कंपनीत मशीन चालवणारा. तिथून दरवर्षी काहीजणांना ट्रेनिंगसाठी जपानमधल्या नागोया शहरात पाठवत. पण जाणारा प्रत्येकजण सुट्टीच्या दिवशी टोकियोला नाहीतर क्योटोला पळायचा. "नागोयात काय बघायचंय राव? चाकणसारख्या कंपन्याच की सगळ्या!" नवनाथला हे मुळीच पटत नसे. आपल्या महाळुंग्यालाही कुणी बघायला येत नाही, म्हणून इथं काय काहीच नाही का, असा त्याचा सवाल.

मग तो हट्टालाच पेटला. स्वतःचा नंबर लागेना, तर मलाच पाठवायला लागला. जो निघेल त्याच्या हातात मला कोंबायचा आणि म्हणायचा, "भाऊ, एक तरी जागा बघा. काय बघितलं ते लिहा, अन् तिथला शिक्का मारून आणा." तिकडं स्टेशनांवर आणि बघण्याच्या ठिकाणी प्रवाशांसाठी रबरी शिक्के ठेवलेले असतात.

अशी मी भरत गेले. 'शनिवार-रविवारी दिवसभराचा पास घ्या, स्वस्त पडतो.' 'किल्ल्याच्या छपरावर सोन्याचे दोन मासे आहेत. मुख्य इमारत बंद असली तरी शेजारचा लाकडी राजवाडा चुकवू नका.' 'सकाळी हॉटेलात नुसती कॉफी सांगितली तरी सोबत टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं.' 'मोतोयामा स्टेशनजवळच्या देवळात भलामोठा हिरवा बुद्ध आहे, आणि सरस्वतीसुद्धा.' जेवणाच्या सुट्टीत नवनाथ मला मोठ्यानं वाचायचा. लोक त्याला नागोयाचा सरपंच म्हणून चिडवत, पण जायची वेळ आली की गुपचूप माझ्याकडेच येत. तेव्हा मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

त्यातच एकदा इंजिनिअर सलिलनं मला नेलं. तीन आठवडे मी त्याच्या बॅगेत बुटांखाली पडून होते. परतायच्या दिवशी त्याला माझी आठवण झाली. एकटाच हसत त्यानं लिहिलं, 'जपानी पाहुण्याच्या भातात जेवणाच्या दोन्ही काड्या उभ्या खोवाव्यात आणि वाटी वाकून पुढं करावी. फार मोठा मान समजतात.' मेला हसतोय कशाला, ते मला कळलं नाही. नवनाथनं मात्र त्या ओळीखाली लाल रेघ ओढली.

यंदा नवनाथचं नाव यादीत आलं. त्याच्या बायकोनं, रुपालीनं, शेजारीपाजारी सगळ्यांना शिरा वाटला. नागोयाहून आलेल्या हायाशीसाहेबांचा शेवटचा होकार तेवढा बाकी होता. त्यांच्यासाठी चाकणच्या एका हॉटेलात जेवण ठेवलं. नवनाथ मला खिशात घालून गेला. जाण्याआधी त्यानं ते पान दोनदा वाचलं. भात आला तसा तो उठला, कमरेत वाकला, काड्या भातात उभ्या केल्या आणि वाटी हायाशीसाहेबांपुढं ठेवली.

हायाशीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी भाताला हात लावला नाही आणि काड्याही काढल्या नाहीत. समोर बसलेल्या सलिलनं हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. नवनाथ वाकत होता तेव्हाच सलिल एक शब्द बोलला असता, तर काय त्याची जीभ झडली असती?

दुसऱ्या दिवशी यादीत नवनाथच्या जागी सलिलचं नाव लागलं. कंपनीची दुभाषी वर्षाली मशीनपाशी आली. "नवनाथदादा, असं का केलंत तुम्ही?" त्यानं तिला माझं पान दाखवलं. तिनं ते वाचलं.

"दादा, तिकडं मेलेल्या माणसाच्या नैवेद्याला भात असा ठेवतात. आणि साहेबांची बायको जाऊन अजून वर्ष नाही झालं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं."

"म्हंजे मी त्यांच्यापुढं पिंड वाढला?" नवनाथ म्हणाला. जपान हुकल्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. वर्षालीकडून त्यानं माझ्या शेवटच्या पानावर माफीच्या दोन ओळी जपानीत लिहून घेतल्या आणि पान फाडून गेटकडं धावला. हायाशीसाहेब सकाळीच विमानतळावर गेले होते.

सलिलला जाब विचारला, तर तो म्हणाला, "अरे, गंमत होती राव! तू खरंच करशील असं कुणाला वाटलं?" आणि वर, "वही दे की, मला लागेल." नवनाथनं सलिलच्या त्या ओळीवर मोठी काट मारली, खाली 'हे खोटं आहे, कुणी करू नये' असं लिहिलं आणि मला त्याच्या हाती देऊन टाकलं. मला नवनाथचा भयंकर राग आला. पण त्याचं म्हणणं एकच, "बाकीच्या जागा तर खऱ्या हायेत ना."

आज सकाळी नागोयाच्या हॉटेलात सलिलची बॅग जड भरली. चॉकलेटं आत राहिली, मी बाहेर आले. तेवढ्यात नवनाथचा फोन आला. "साहेब, वही आठवणीनं आणा. पुढच्या महिन्यात दोन पोरं जायलेत, त्यांना लागंल."

"बॅगेतच आहे रे," म्हणत सलिलनं मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मित्रांनो, खोली साफ करणारी बाई आता येईलच. म्हणून घाईघाईनं सांगते. इकडं आलात तर नागोयाला एक दिवस तरी थांबा. टोकियोची गाडी उद्याही असते. ओसूच्या बाजारातून पायी फिरा, हिरव्या बुद्धासमोर जरा वेळ बसा. दुसऱ्याच्या वहीत लिहायची वेळ आली तर खरं तेच लिहा, कुणीतरी ते पोथीसारखं वाचणार असतं. आणि परत गेल्यावर महाळुंग्यात नवनाथ भेटला, तर त्याला सांगा, वही हरवली. फेकली म्हणू नका.