मध्यंतराची आठ मिनिटे

फुटबॉल संघाचा कोच ह्रुस्का शाळेच्या बँडच्या खोलीत शिरला, खुर्चीवरचे ट्रम्पेट उचलून त्याने जमिनीवर ठेवले आणि खुर्चीत बसला. वाद्य जमिनीवर ठेवलेले बँड शिकवणाऱ्या एलिस प्रेदर सरांना खपत नसे. पण त्या दिवशी त्यांनी ते चालवून घेतले.

"मंगळवारच्या सभेत तू बोलायचंस," ह्रुस्का म्हणाला. "मी बोललो तर लोक म्हणतील, स्वतःची नोकरी वाचवतोय."

"मी फुटबॉलच्या बाजूनं बोलू? जन्मभर तुमच्या त्या आपटाआपटीला नावं ठेवली मी."

"ठेव की. पण फुटबॉल गेला तर तुझी पोरं वाजवणार कुठं? चर्चच्या तळघरात?"

उत्तराची वाट न बघता ह्रुस्काने ट्रम्पेट उचलून खुर्चीवर परत ठेवले आणि तो निघाला.

केसलर फोर्क हे ओहायोच्या पूर्वेकडच्या टेकड्यांमधले गाव. खाणी बंद पडल्यापासून ते आटत चालले होते. शाळेच्या फुटबॉल संघात, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या, सतराच मुले उरली होती. तीच चढाईला, तीच बचावाला, दमली तरी तीच. बँडमध्ये मात्र चौतीस मुले होती. मैदानावरचे दिवे निकामी झाल्यापासून सामने शुक्रवार संध्याकाळऐवजी शनिवारी दुपारी होत, तरी सहाशे माणसे जमत. मध्यंतरात ती हॉटडॉगच्या रांगेत उभी राहून का होईना, बँड ऐकत. बँडला बस मिळे ती संघाबरोबर जायचे म्हणून. गणवेश मिळत ते लोकांनी मुलांना मैदानावर पाहिलेले असे म्हणून.

सर हे उघडपणे कबूल करत नसत. "ते लोक कवायत करतात ती आपल्याला मैदान सपाट करून द्यायला," असे ते वर्गात म्हणत आणि मुले हसत. एका वर्षी समोरच्या संघाने ऐनवेळी येणे रद्द केले. तेव्हा सरांनी इरेला पेटून जाहीर केले की सामना नसला तरी बँड होईल, पूर्ण कार्यक्रम, वर कॉफी फुकट. ऊन छान पडले होते. एकोणीस माणसे आली. त्यांतली चार आपापल्या मुलांना घरी न्यायला आलेली, ती गाडीतून उतरलीच नाहीत. वर्गातला विनोद सरांनी त्यानंतरही सोडला नाही, पण आपण बांडगूळ आहोत आणि झाड कुठले आहे, हे त्या दिवशी त्यांना कळून चुकले.

मंगळवारची सभा होती ती टोबी स्टाल या मुलामुळे. टोबी संघातला सतरावा, वयानेही सतरा वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वी सामन्याच्या उत्तरार्धात तो डोक्यावर आपटला तो उठलाच नाही. त्याला हेलिकॉप्टरने मोठ्या इस्पितळात न्यावे लागले. जीव वाचला. पण आता त्याला उजेड सोसत नव्हता, आवाज सोसत नव्हता, आणि साधे साधे शब्द सापडत नव्हते. त्याची आई नोरीन ही सरांची जुनी विद्यार्थिनी. सर नोकरीला लागले त्या सुमारास ती बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. तिने शाळेच्या मंडळाकडे अर्ज केला होता की सतरा मुलांवर हा खेळ चालवू नये, तो बंद करावा.

सगळ्या गावाला एवढेच माहीत होते. सरांना आणखी एक गोष्ट माहीत होती.

त्या शनिवारी मध्यंतराला मिनिटभर उरले होते. सरांनी बँड गोलरेषेच्या मागे रांगेत उभा केला होता. आठ मिनिटांचा कार्यक्रम जूनपासून बसवलेला, आणि जिल्ह्याच्या मोठ्या बँडस्पर्धेचे निमंत्रण ठरवणारे दोन परीक्षक खास तो बघायला आले होते. मैदानात चारपाच मुलांचा ढीग झाला, उठला, आणि त्यातून टोबी आपल्या बाकाकडे न जाता सरळ बँडकडे चालत आला. मोठ्या ढोलाच्या पेटीवर तो बसला. हेल्मेट मांडीवर घेतले.

"सर, आज आपण कुणाशी खेळतोय?"

सरांनी सांगितले. ट्रम्पेटवाली एक मुलगी खुदकन हसली. टोबीने मान हलवली, हेल्मेट मांडीवर फिरवले, मग त्याने त्याच आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता ती मुलगी हसली नाही.

गेली नऊ वर्षे दर ऑगस्टमध्ये शाळेत सगळ्या शिक्षकांना प्रथमोपचार शिकवत. डोक्याला मार लागलेला मुलगा तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला तर त्याचा अर्थ काय, हे सरांनी नऊदा ऐकले होते आणि नऊदा कागदावर सही केली होती. त्यांना अर्थ कळला. कळला नाही असे त्यांनी स्वतःलाही पुढे कधी सांगितले नाही. पण तेवढ्यात शिट्टी झाली, खेळाडू बाहेर निघाले, परीक्षकांनी कागद सरसावले.

"तुझा बाक तिकडं आहे, टोबी," सर म्हणाले. "जा. पेटी मोकळी कर."

तो उठला आणि गेला. सरांनी त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हात वर केले. कार्यक्रम इतका सुरेख त्या मुलांनी आधी कधी केला नव्हता. लोक रांग सोडून कठड्यापाशी आले होते.

सभा शाळेच्या जेवणघरात भरली. मंडळाचे पाच सभासद एका लांब टेबलामागे, आणि गाव मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले. नोरीन कामावरून थेट आली होती, अंगावर किराणा दुकानाचा हिरवा ॲप्रन तसाच. ती फार बोलली नाही. टोबीला आता चमच्याला काय म्हणतात ते आठवत नाही, असे तिने सांगितले. मग ती मंडळाकडे पाठ करून लोकांकडे वळली.

"मला एकच विचारायचंय. मध्यंतरात माझ्या टोबीला कुणी पाहिलं का? तो बरा होता का? कुणी पाहिलं असेल तर सांगा. मी भांडणार नाही."

ह्रुस्का म्हणाला की टोबी सगळ्यांच्या शेवटी बाकावर आला, पाणी प्यायला, काहीच बोलला नाही. "मला खरंच काही कळलं नाही." तो खोटे बोलत नव्हता. सरांनी समोरच्या बाकावरचा वाळलेला सॉसचा डाग नखाने खरवडायला घेतला. नोरीन थोडी थांबली आणि खाली बसली.

नंतर अध्यक्षबाईंनी सरांचे नाव पुकारले.

सर उठले आणि बोलले. वाईट बोलले असते तर पुढे निदान तेवढा तरी दिलासा राहिला असता. पण ते फार चांगले बोलले. खाण गेली, सिनेमाघर गेले, आता शनिवारची दुपार तेवढी हे गाव एकत्र बसते, असे ते म्हणाले. एकोणीस माणसांची गोष्टसुद्धा सांगितली आणि लोक हसले. हा संघ मैदानात उतरतो म्हणून माझ्या चौतीस मुलांचे वाजवणे कुणी ऐकते, ते मैदान त्यांच्याकडून काढून घेऊ नका, असे म्हणून ते बसले. टाळ्या पडल्या. तीन विरुद्ध दोन मतांनी फुटबॉल राहिला.

बाहेर पडताना दारात नोरीन भेटली. तिने त्यांच्यासाठी दार धरून ठेवले होते.

"छान बोललात, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा शोधायचा सरांनी पुष्कळ प्रयत्न केला.

त्यानंतर त्यांना अन्न गोड लागेना. स्पर्धेचे निमंत्रण आले. मुलांनी ते फळ्यावर चिकटवले, आणि सर फळ्याकडे न बघता शिकवू लागले. त्यांच्या बायकोने, मार्गीने, दोनदा विचारले आणि तिसऱ्यांदा विचारले नाही. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर ते नोरीनच्या घरी गेले. गावाच्या रिवाजाप्रमाणे आजाऱ्याच्या घरी झाकलेले भांडे घेऊन जायचे असते. ते रिकाम्या हातांनीच गेले.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. टोबी आतल्या खोलीत होता. नोरीन कुजबुजत बोलली, म्हणून सरांनाही कुजबुजावे लागले, आणि ती गोष्ट कुजबुजत सांगणे फार कठीण गेले. त्यांनी ढोलाची पेटी सांगितली, दोनदा विचारलेला प्रश्न सांगितला, पेटी मोकळी कर म्हणालो तेही सांगितले. परीक्षकांबद्दल सांगायला तोंड उघडले आणि मिटले.

नोरीन टॉवेलाची घडी घालत होती. घडी पुरी करून तिने तो ठेवला.

"मला ठाऊक होतं, सर. तुमच्या त्या ट्रम्पेटवाल्या पोरीनं दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं. रडत होती बिचारी, मी त्याला हसले असं म्हणत."

"मग सभेत तू..."

"तुमचं नाव नाही घेतलं. म्हटलं, सर आपणहून उठतील." तिने दुसरा टॉवेल घेतला. "उठलात. पण बँडसाठी."

सर तिथून कसे निघाले ते त्यांना पुढे आठवेना.

त्यांनी मंडळाला पत्र लिहिले. अध्यक्षबाईंनी त्यांना बोलावून सांगितले, पत्र वाचले, वकिलांचा सल्ला आहे की ते फायलीत राहू द्यावे; तुम्ही मन मोकळे केलेत, पुरे झाले. ती पळवाट सरांना दोन दिवस बरीही वाटली, आणि बरी वाटली याचीच लाज अधिक वाटली. डिसेंबरच्या सभेत त्यांनी पत्राची प्रत खिशातून काढून सगळ्यांसमोर वाचली. या वेळी बोलणे चांगले झाले नाही. मधे दोनदा ओळ चुकली.

ते संपल्यावर ह्रुस्का उठून जवळ आला. तो ओरडेल असे सगळ्यांना वाटले.

"एलिस, मला तेव्हा नुसतं खुणावलं असतंस," तो म्हणाला, "तर मी त्याला बाकावर बसवून ठेवलं असतं रे."

मंडळाने नव्याने मते घेतली आणि फुटबॉल बंद झाला. ह्रुस्का घर विकून दुसऱ्या जिल्ह्यात गेला. सरांनी राजीनामा लिहून नेला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले की जागेवर दुसरा कुणी येणार नाही, ठेवायचा असेल तर बँड तुम्हीच ठेवा. बस गेली. काही मुले शेजारच्या शाळेत गेली, जिथे संघ होता. पुढच्या सप्टेंबरात बँडमध्ये तेरा जण होते.

मैदानावर आता कुणी येत नाही, म्हणून सरांनी नगरपालिकेकडून परवानगी काढली आणि पहिल्या शनिवारी तेरा मुलांना घेऊन ते गावच्या रस्त्याने निघाले. पाच-सात ओसऱ्यांवर लोक आले. एका म्हाताऱ्याने खुर्ची उचलून आत नेली आणि दार लावले. पेट्रोल पंपावरून कुणीतरी म्हणाले, "फुटबॉल खाल्ला, आता आमची दुपार खायला आला." मुलांनी ऐकले. सरांनीही ऐकले, पण ताल सोडला नाही.

डाकघराच्या पुढे रस्ता नोरीनच्या घरावरून जातो. तिथे पोचायच्या दोन घरे आधी सरांनी मूठ वर धरली. ट्रम्पेटे खाली आली, ढोलांच्या काठ्या काखेत गेल्या. डांबरावर फक्त तेरा मुलांच्या बुटांचा आवाज येत राहिला, आणि मुले तोही जितका कमी करता येईल तितका करत होती. सर सगळ्यांच्या पुढे, मान खाली घालून.

घोंगड्या अजून खिडक्यांना होत्या. नोरीन पायरीवर उभी होती. तिने हात हलवला नाही, मानही नाही. शेवटची रांग पुढचे वळण घेईपर्यंत ती आत गेली नाही.